दाढेच्या जागी इम्प्लांट : पहिल्यांदाच विचार करणाऱ्यांसाठी

खालच्या जबड्यातील पहिली मोठी दाढ वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास, दुधाचा एकही दात न पाडता, मागच्या मोकळ्या हिरडीतून वर येते. ती दुधाचीच असेल, पुढे पडेल, अशा समजुतीने अनेक घरांत तिच्या किडीकडे दुर्लक्ष होते आणि पुढे तिशी-चाळिशीत काढून टाकाव्या लागणाऱ्या दाढांमध्ये तिचा क्रमांक बरेचदा पहिला लागतो. या लेखात तीच दाढ उदाहरण म्हणून घेतली आहे. ती काढल्यापासून तिच्या जागी नवी कॅप बसेपर्यंत काय घडते, कोठे धीर धरावा लागतो, कोठे वेळ दवडू नये आणि डॉक्टरांना काय विचारावे, हे ज्या क्रमाने रुग्णाच्या वाट्याला येते त्याच क्रमाने सांगितले आहे.

इम्प्लांट म्हणजे नेमके काय

इम्प्लांटने बसवलेल्या दाताचे तीन भाग असतात. पहिला, जबड्याच्या हाडात बसणारा टायटॅनियमचा आटे असलेला छोटा खुंट. दाढेसाठी त्याची जाडी साधारण ४ ते ५ मिलिमीटर आणि लांबी ८ ते १२ मिलिमीटर असते. दुसरा, त्या खुंटावर घट्ट बसणारा आणि हिरडीच्या वर डोकावणारा जोडभाग, ज्याला अबटमेंट म्हणतात. तिसरा, त्यावरची कॅप, म्हणजे आरशात दिसणारा दात. काटेकोरपणे बोलायचे तर 'इम्प्लांट' हा शब्द फक्त हाडातल्या खुंटाला लागतो, आणि हा भेद खर्चाची बोलणी करताना फार महत्त्वाचा ठरतो, ते पुढे येईलच. दवाखान्यांच्या पाट्यांवर दिसणारा 'फिक्स दात' हा शब्द इम्प्लांटसाठीही वापरतात आणि शेजारच्या दातांवर बेतलेल्या ब्रिजसाठीही, म्हणून तो ऐकल्यावर त्यातले नेमके काय अभिप्रेत आहे, हे लगेच विचारून घ्यावे.

धातूचा तुकडा हाडात कायमचा कसा टिकतो, याचा शोध दातांवरच्या संशोधनात लागलेलाच नाही. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे १९५२ च्या सुमारास लुंड येथे हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक कुपी बसवली होती. अभ्यास संपल्यावर ती काढू गेले, तर निघेना. हाड धातूच्या पृष्ठभागाला थेट भिडून वाढले होते. या क्रियेला ऑसिओइंटिग्रेशन म्हणतात. टायटॅनियमवर हवेत आणि शरीरात ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि हाडाच्या पेशी त्या थराला परका मानत नाहीत. १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे इम्प्लांट बसवले गेले आणि तो रुग्ण २००६ मध्ये वारला तेव्हा, चाळीस वर्षांनंतरही, ते काम देत होते. त्यानंतरही दंतवैद्यक बराच काळ साशंक राहिले. १९८२ च्या टोरोंटो येथील परिषदेनंतर मात्र ही पद्धत जगभर मान्य झाली.

या इतिहासातून रुग्णाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची, ती ही की इम्प्लांट गोंदाने किंवा सिमेंटने चिकटवलेले नसते. त्याला हाड धरून ठेवते. त्यामुळे पुढच्या प्रत्येक पायरीवर विचारायचा प्रश्न हाडाचा असतो : ते किती आहे, कसे आहे, आणि त्याला भरून यायला पुरेसा वेळ मिळाला का.

दाढ काढण्याच्या आधीच विचारायचे प्रश्न

माझ्या मते इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. ठणका लागलेली दाढ निघाली की माणसाला हायसे वाटते आणि 'पुढचे पुढे पाहू' म्हणून वर्ष-दोन वर्षे निघून जातात. पण दाताच्या मुळाला धरून असलेले हाड मुळाविना टिकत नाही. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात त्या जागेच्या हाडाची रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते आणि त्यातली बहुतेक घट पहिल्या तीन महिन्यांतच होते. त्याच काळात मागची दाढ हळूहळू मोकळ्या जागेकडे कलते आणि वरच्या जबड्यातली समोरची दाढ, तिला खालून टेकू न राहिल्याने, खाली उतरू लागते. पाच-सहा वर्षांनी इम्प्लांटचा विचार केला तर खुंटासाठी हाड अपुरे आणि कॅपसाठी जागा तोकडी, अशी दुहेरी अडचण उभी राहते. त्यावर उपाय नाहीत असे नाही. हाडाची पूड भरता येते, कललेली दाढ तारांनी सरळ करता येते. पण त्या प्रत्येक उपायाला वेळ आणि पैसा लागतो.

म्हणून दाढ काढायचे ठरले की त्याच भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात. ही दाढ रूट कॅनॉल करून खरोखरच वाचण्यासारखी नाही का? वाचण्यासारखी असेल, तर स्वतःच्या दातासारखे दुसरे काही नाही आणि इम्प्लांटची घाई करू नये. काढायचीच असेल, तर भोवतीची हाडाची पातळ भिंत न तोडता, गरज पडल्यास मुळे वेगवेगळी करून काढता येईल का? आणि काढल्यावर त्या खड्ड्यात हाडाची पूड भरून ठेवणे माझ्या बाबतीत उपयोगाचे आहे का?

इम्प्लांट केव्हा बसवायचे, याला तीन उत्तरे आहेत. काही वेळा दाढ काढल्याबरोबर त्याच बैठकीत बसवतात. त्यासाठी पू नसलेला खड्डा आणि खुंटाला सुरुवातीपासून घट्ट पकड मिळेल इतके हाड असावे लागते. काही वेळा हिरडी भरून आल्यावर, म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनी. आणि काही वेळा हाड भरून आल्यावर, तीन ते चार महिन्यांनी. 'एकाच दिवसात दात' ही जाहिरात पाहून पहिल्या पर्यायाचा हट्ट धरू नये. खालच्या दाढेला दोन मुळे असतात, दोन्हींचे खड्डे मिळून बरीच पोकळी राहते आणि नेमक्या मधल्या हाडात खुंट बसवणे प्रत्येकाच्या बाबतीत जमत नाही.

ब्रिजचा पर्यायही मोकळ्या मनाने तोलून पाहावा. त्यात शेजारच्या दोन दातांना घासून त्यांवर कॅप बसवतात आणि मधला दात त्यांच्या आधाराने टांगतात. शेजारचे दोन्ही दात निरोगी असतील, तर त्यांचे आवरण खरवडणे मला पटत नाही. पण त्यांत आधीच मोठे भराव असतील आणि त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा शहाणपणाचा, लवकर संपणारा आणि शस्त्रक्रिया टाळणारा मार्ग आहे.

प्रकृतीची खरी माहिती सांगणे

वय जास्त आहे म्हणून इम्प्लांट होत नाही, हा गैरसमज आहे. सत्तरी ओलांडलेल्यांनाही ते व्यवस्थित बसते. उलट कमी वय ही अडचण आहे. जबड्याची वाढ पूर्ण होण्यापूर्वी, साधारण अठराव्या वर्षाच्या आत, इम्प्लांट बसवत नाहीत, कारण भोवतीचे दात वाढीबरोबर पुढे-वर सरकतात आणि इम्प्लांट जिथल्या तिथे राहते.

मधुमेह असेल तर मागील तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी करून घ्यावी. ती साधारण ७ ते ८ टक्क्यांच्या आत असेल, तर बहुतेक डॉक्टर पुढे जातात. त्याहून अधिक असेल, तर आधी साखर आटोक्यात आणावी. तंबाखूबद्दल लपवालपवी करू नये. धूम्रपानाने हिरडीचा रक्तपुरवठा घटतो आणि इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण स्पष्टपणे वाढते. महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट पाहावी लागते : गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी सुपारी आणि तंबाखूच्या सवयीने गाल आतून ताठर होऊन तोंड पुरेसे न उघडणारे रुग्ण पुष्कळ आहेत आणि मागच्या दाढेपाशी यंत्र न्यायलाच जागा नसेल, तर कौशल्य असूनही उपयोग होत नाही. मशेरी लावणाऱ्या बायकांना ती तंबाखूच आहे असे सहसा वाटत नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी घरच्यांनी सांगावे.

औषधांपैकी दोन प्रकार आवर्जून सांगावेत. हाडे ठिसूळ झाल्यामुळे घेतलेली अ‍ॅलेन्ड्रोनेटची आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक आम्ल, यांमुळे जबड्याचे हाड भरून येण्यात क्वचित पण गंभीर अडथळा येतो. वर्षाकाठी एकच इंजेक्शन असल्याने ते 'चालू औषध' म्हणून कोणाच्या लक्षातच राहत नाही. दुसरा प्रकार रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य यांनी परस्पर बोलून ठरवावे. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी किरणोपचार झाले असतील, तर तेही कागदपत्रांसह सांगावे. आणि हिरड्यांचा जुना आजार असेल, तर आधी त्यावर उपचार व्हावेत, कारण ज्या जंतूंनी दात घालवले तेच जंतू इम्प्लांटभोवती जमतात.

डॉक्टर, स्कॅन आणि लेखी अंदाज

इम्प्लांट ही भारतात एमडीएसची, म्हणजे दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवीची, स्वतंत्र शाखा नाही. कृत्रिम दातांचे तज्ज्ञ, हिरड्यांचे तज्ज्ञ, जबड्याचे शल्यविशारद आणि प्रशिक्षण घेतलेले बीडीएस डॉक्टर, असे सर्वच ते बसवतात. म्हणून पाटीवरच्या 'इम्प्लांटॉलॉजिस्ट' या शब्दावर न जाता, राज्य दंत परिषदेकडे नोंदणी आहे का, पदवी कोणत्या विषयातली आहे आणि खुंट बसवणारा व कॅप करणारा डॉक्टर एकच आहे की दोन वेगळे, हे विचारावे. दोन असतील, तर खुंट कोठे आणि कोणत्या कोनात बसवायचा हे कॅप करणाऱ्याशी आधी बोलून ठरले आहे ना, याची खात्री करावी. दात कोठे हवा हे आधी ठरवून मग खुंटाची जागा ठरवायची असते. उलट क्रमाने गेल्यास तिरकी कॅप आणि तिच्याखाली अडकणारे अन्न, हे कायमचे मागे लागते.

संपूर्ण जबडा एका चित्रात दाखवणारा ओपीजी हा एक्स-रे सुरुवातीला पुरेसा असतो, पण त्यात हाडाची रुंदी कळत नाही. ती सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमितीय चित्र देणाऱ्या, स्कॅनमध्ये कळते. खालच्या दाढेसाठी त्याचे विशेष महत्त्व आहे, कारण तिच्या मुळांखालून एक नलिका जाते आणि तिच्यातील नस खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना पुरवते. खुंटाचे टोक आणि ही नलिका यांत निदान २ मिलिमीटर अंतर राखतात. शेजारच्या दाताच्या मुळापासूनही साधारण दीड मिलिमीटर अंतर लागते. स्कॅन पडद्यावर दाखवून ही अंतरे समजावून सांगण्याची विनंती करावी. चांगला डॉक्टर ती आनंदाने मान्य करतो.

खर्चाचा आकडा लेखी घ्यावा आणि तो भागांत मोडून घ्यावा. मोठ्या शहरांत एका दाताचा कॅपसह खर्च साधारण २५ हजारांपासून ६० हजार रुपयांपर्यंत सांगितला जातो. कंपनी, हाडाची स्थिती आणि कॅपचा प्रकार यांनुसार तो वर-खाली होतो. जाहिरातीतला फार कमी आकडा पुष्कळदा नुसत्या खुंटाचा असतो, आणि अबटमेंट, कॅप, स्कॅन, हाडाची पूड हे सर्व नंतर एकेक करून पुढे येते. सुरुवातीला सांगितलेला भेद इथे उपयोगी पडतो. बहुतेक वैद्यकीय विमा पॉलिसी अपघाताखेरीज दातांचा खर्च देत नाहीत, हेही गृहीत धरावे. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांनी मुंबई, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयात, मुंबईच्या नायर दंत रुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात चौकशी करावी. तिथे पदव्युत्तर विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. खेपा जास्त पडतात, पण घाई कमी असते.

शस्त्रक्रियेचा दिवस

उपाशी जाऊ नये. नेहमीचे खाऊन, रक्तदाबाची आणि सांगितलेली इतर औषधे घेऊन जावे. दाढ काढताना देतात तशीच जागेवरची भूल देतात. हिरडी उघडून हाडात टप्प्याटप्प्याने जाड होत जाणाऱ्या ड्रिलने छिद्र करतात आणि त्यावर सतत थंड सलाइन सोडतात, कारण हाडाचे तापमान मिनिटभर जरी ४७ अंश सेल्सिअसच्या वर गेले, तरी पेशी मरू लागतात आणि मेलेले हाड खुंटाला धरत नाही. रुग्णाला दाब आणि थरथर जाणवते, वेदना नाही. जाणवलीच तर सहन करत बसू नये, हात वर करून सांगावे. एका खुंटाचे काम बहुधा तासाभरात आटोपते आणि दाढ काढण्यापेक्षा हे सोपे गेले, असे सांगणारे रुग्ण बरेच भेटतात. शेवटी खुंटावर झाकण बसवून हिरडी शिवतात, किंवा हिरडीच्या वर दिसणारे तात्पुरते झाकण, म्हणजे हीलिंग कॅप, बसवतात.

घरी आल्यावर पहिला दिवस जोराने चूळ भरू नये, थुंकू नये, गरम चहा टाळावा. गालावरून कापडात गुंडाळलेला बर्फ मधूनमधून लावावा. मऊ भात, दह्यात कालवलेली पोळी, गार झालेली पेज, असे दुसऱ्या बाजूने खावे. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने अलगद गुळण्या कराव्यात. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. टाके साधारण ७ ते १० दिवसांनी काढतात. लवंगेचे तेल, तुरटी, हळद हे घरातल्या मोठ्यांनी प्रेमाने सुचवलेले उपाय टाक्यांवर करू नयेत. भूल उतरल्यावरही, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, खालचा ओठ बधिर वाटत असेल तर 'उतरेल हळूहळू' म्हणून थांबू नये. खुंट नसेवर दाबला गेला असेल, तर तो लगेच मागे घेण्याने नस सावरण्याची शक्यता असते आणि ती दिवसागणिक कमी होते. थांबत नसलेला रक्तस्राव, चौथ्या दिवसानंतर वाढणारी सूज किंवा ताप, यांसाठीही त्याच दिवशी फोन करावा.

न दुखणारे महिने

पुढचा काळ फसवा असतो. बसवताना खुंट आट्यांच्या जोरावर घट्ट धरलेला असतो. मग भोवतीचे दुखावलेले हाड झिजते आणि त्याच्या जागी नवे तयार होते. मधल्या काळात, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, खुंटाची पकड सर्वांत कमी असते. नेमके तेव्हाच टाके निघालेले असतात, दुखणे थांबलेले असते आणि माणूस शेंगदाणे-फुटाणे त्या बाजूने चावू लागतो. तसे करू नये. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असल्याने तेथे दोन ते तीन महिने, आणि वरच्या मऊ हाडात त्याहून अधिक, वाट पाहण्याची पद्धत आहे. हाडाची पूड भरली असेल तर हा काळ आणखी लांबतो.

कॅप

खुंट पक्का झाल्याची खात्री झाली की माप घेतात, मळलेल्या मसाल्याने किंवा छोट्या कॅमेऱ्याने. कॅप स्क्रूने बसते किंवा सिमेंटने चिकटवतात. निवड असेल तर मी स्क्रूची सुचवीन : काही बिघाड झाला तर ती काढून परत बसवता येते आणि सिमेंटचा कण हिरडीखाली अडकून सूज येण्याचा धोका राहत नाही. वरचे स्क्रूचे छिद्र दाताच्या रंगाच्या मसाल्याने बुजवतात. दाढेला झिरकोनियाची, म्हणजे पांढऱ्या, कठीण सिरॅमिकची, कॅप बहुधा योग्य ठरते.

चावा तपासताना रंगीत कागद धरून दात आवळायला सांगतात, तेव्हा कंटाळू नये. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक गादी असते, त्यामुळे जोर आला की दात किंचित दबतो आणि जास्त जोर आल्याचे आपल्याला कळते. इम्प्लांटला ती गादी नसते. कॅप जराशी उंच राहिली तर सगळा भार तिच्यावर येतो आणि तो जाणवतही नाही. रात्री दात खाण्याची सवय असेल तर ती या वेळेपर्यंत सांगितलेली असावी, म्हणजे झोपताना घालायचा गार्ड करून देतात.

उदाहरणाबाहेरच्या दोन परिस्थिती

वरच्या मागच्या दाढा गेल्या असतील, तर तेथे हाडाच्या वर सायनसची, म्हणजे नाकाशेजारची हवेची, पोकळी असते आणि हाड बरेचदा कमी पडते. अशा वेळी सायनसचा पडदा हलकेच वर उचलून खाली हाडाची पूड भरतात; त्याने उपचाराचे काही महिने वाढतात.

सगळे दात गेलेल्या आणि खालची कवळी सतत उचकटणाऱ्या आजी-आजोबांसाठी मात्र घरच्यांनी दहा-बारा इम्प्लांटच्या खर्चाने घाबरून जाऊ नये. खालच्या जबड्यात पुढे फक्त दोन इम्प्लांट बसवून कवळी त्यांवर बटणासारखी अडकवता येते. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असे मत मांडले होते. ती कवळी रोज काढून धुता येते, आणि भाकरीचा तुकडा चावताना ती जिभेबरोबर फिरत नाही. वरची कवळी टाळूच्या आधाराने सहसा बरी बसते, त्यामुळे बरेचदा खालच्या जबड्यापुरता खर्च पुरतो.

नंतरची देखभाल

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीच्या हिरडीला सूज येते आणि ती दुर्लक्षित राहिली तर हाड झिजते. दहा वर्षांनंतर शंभरांपैकी नव्वदहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात, असा अनुभव आहे. जी जातात त्यांतली उशिरा जाणारी बहुतांशी या सुजेने किंवा अतिरिक्त भाराने जातात. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, आणि कॅपच्या दोन्ही बाजूंना रोज एकदा छोटा बाटलीब्रशसारखा इंटरडेंटल ब्रश, एवढे पुरते. काडी किंवा सेफ्टी पिन घालू नये. सहा महिन्यांनी तपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे करावा. घासताना रक्त येणे हे इम्प्लांटच्या बाबतीत किरकोळ लक्षण मानू नये, कारण इथे दुखणे फार उशिरा सुरू होते.

खुंटाच्या डबीवर कंपनी, माप आणि बॅच क्रमांकाचे स्टिकर असते. त्याची एक प्रत मागून घेऊन फाईलमध्ये लावावी, कारण गाव बदलले, डॉक्टर निवृत्त झाले किंवा पुढे पुण्याचा माणूस दुबईला गेला, तरी आतला स्क्रू कोणत्या कंपनीचा आहे हे कळल्याशिवाय दुसऱ्या डॉक्टरला योग्य पाना लावता येत नाही. कॅप कधी हलू लागली तर बहुधा आतला छोटा स्क्रूच सैल झालेला असतो आणि तो पंधरा-वीस मिनिटांत आवळता येतो. तोवर त्या बाजूने चावू नये. कॅप निघून हातात आली, तर ती बाजारातल्या गोंदाने चिकटवू नये. छोट्या डबीत घालून, स्टिकरच्या प्रतीसह, दवाखान्यात घेऊन जावी.